रात्री पाणी धरायला टिकाऊ बॅटरी कोणती घ्यावी? (तीन मेल्या, चौथी घ्यायचीय)

पाटकरी (ओतूर, ता. जुन्नर)

मंडळी, नमस्कार. प्रश्न एका ओळीचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय "अमुक कंपनीची घ्या" एवढंच उत्तर मिळेल, म्हणून थोडं लांबण लावतोय.

दोन एकर ऊस, एक एकर कांदा, थोडा घास. विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरची मोटर. लाईटचं चक्र सगळ्यांना माहीत आहेच. एक आठवडा दिवसा आठ तास, पुढचा आठवडा रात्री दहा तास. दिवसपाळीत कांद्याचं उरकतं, ऊस येतो रात्रीच्या वाट्याला. मी चाकणला कामाला, घरी शनिवार-रविवार. म्हणजे रात्रीचं बारं (उसाला पाणी द्यायचं काम) धरतात आण्णा, माझे वडील. वय 66, गेल्या वर्षी दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. नको म्हटलं तर "मग ऊस तू ऑनलाईन भिजव" म्हणतात.

आता बॅटऱ्यांचा हिशेब.

पहिली आळेफाट्यावरनं घेतलेली, साडेतीनशेची. खोक्यावर दोन किलोमीटरचा झोत. पंधरा दिवस बरी चालली, मग अर्ध्या तासात पिवळी पडायला लागली. आतल्या सेलवर 9900 एमएएच (किती चार्ज मावतो त्याचा आकडा) छापलेलं होतं, त्यामुळे मला वाटलं चार्जर खराब असेल. दुसरा चार्जर आणला. तेच.

दुसरी मोठी, हँडलवाली, खांद्याला पट्टा. ती खरंच झकास होती. पावसाळ्यात पाणी धरायचं काम नाही म्हणून आईनं फडताळात ठेवली, दिवाळीच्या आधी काढली तर चार्जच घेईना.

तिसरी मी ऑनलाईन मागवली, अठराशेला. अॅल्युमिनियमची, दिसायला एकदम भारी. एकाच बटणात पाच मोड. हिनं जे केलं त्यामुळेच हे लिहायला बसलोय.

मागच्या महिन्यात आण्णा उसाच्या टोकाला दारं मोडत (एका सरीचं पाणी दुसरीत वळवत) होते. एका हातात खोरं, बॅटरी मान आणि खांद्याच्या मध्ये धरलेली, कारण दुसरा हात पाटात. समोर चौथ्या-पाचव्या सरीत दोन डोळे चमकले. उजेड वाढवावा म्हणून चिखलाच्या अंगठ्यानं बटण दाबलं, तर बॅटरी लागली लुकलुकायला. परत दाबलं, बंद. परत दाबलं, मिणमिणती. तोवर खांद्यावरनं सटकली ती पाटात. काढली तेव्हा चालू होती, दहा मिनिटांनी गेली. आण्णा अंधारात मोठ्यानं हरिपाठ म्हणत विहिरीपर्यंत आले. मला फोनवर एवढंच म्हणाले, "अरे, तुझी बॅटरी नाचायला लागली." सकाळी सरीत पंजे उमटलेले होते. आमच्या भागात उसात बिबट्या ही काही बातमी राहिलेली नाही, पण पंजे आपल्याच बापाच्या पावलांशेजारी बघणं वेगळं.

तर बजेट अडीच हजार. लांबचं दिसलं पाहिजे, पायाखालचंही दिसलं पाहिजे, चिखलाच्या हातानं चालली पाहिजे, पाटात पडली तर जगली पाहिजे. शिवाय ऑपरेशननंतर पांढऱ्याफेक उजेडानं डोळे दिपतात अशी आण्णांची तक्रार आहे. एवढं सगळं एका बॅटरीत मिळतं का?

---

रिवायंडिंगवाला (नेवासा)

मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. मोटरीबरोबर लोक बॅटऱ्याही आणून टाकतात, त्यामुळे हजारएक तरी उघडून बघितल्या असतील. तुमच्या तिन्ही कशानं मेल्या ते आधी सांगतो, चौथी निवडायला तेच कामाला येईल.

पहिलीचा सेल खोटा होता. त्या मापाला 18650 म्हणतात, म्हणजे 18 मिलिमीटर जाडी आणि 65 मिलिमीटर लांबी. एवढ्या डबीत आज चांगल्यातली चांगली कंपनीसुद्धा साडेतीन हजार एमएएचच्या आसपासच बसवू शकते. 9900 लिहिलेला दिसला की समजायचं, छापणाऱ्याला शाई स्वस्त पडली. खरा सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो. मी एकदा सोनाराच्या काट्यावर असा एक ठेवला, 29 भरला. कापून बघितलं तर आत करंगळीएवढा सेल आणि भोवती पांढरी पावडर. गिऱ्हाईक म्हणालं, "म्हणजे मी पीठ चार्ज करत होतो?"

हिशेब एकदा समजून घ्या, मग खोकं कोणीही वाचू शकतं. तीन हजार एमएएचचा एक सेल म्हणजे 3.7 व्होल्टला साधारण 11 वॅट-तास. त्यावर 10 वॅटचा दिवा तासभर चालेल, त्याहून जास्त नाही. खोक्यावर "30 वॅट, 8 तास" असेल तर 240 वॅट-तास लागतील, म्हणजे असे बावीस सेल. बॅटरीत दोनच दिसले की दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा. रात्रभराच्या कामाला तीनशे लुमेन पुष्कळ झाले. बऱ्या एलईडीला त्यासाठी तीन-साडेतीन वॅट लागतात, दोन खऱ्या सेलवर सहाएक तास निघतात. हजार-दोन हजार लुमेन हे मिनिटभर मारायचं काम. त्यावर चालू ठेवली तर डोकं तापतं आणि चांगली बॅटरी आपणहून उजेड उतरवते. वाईट बॅटरी उतरवत नाही, ती एलईडी जाळते.

आता झोताचं. लुमेन म्हणजे एकूण उजेड किती, तो किती गोळा होऊन पुढे जातो ते कॅन्डेलावर ठरतं. खोल आरशाची बॅटरी लांब मारते, उथळ आरशाची पसरते. प्रामाणिक कंपन्या अंतर लिहितात ते असं काढलेलं असतं: कॅन्डेलाचं वर्गमूळ, गुणिले दोन. दहा हजार कॅन्डेला असेल तर 200 मीटर. पण त्या 200 मीटरवर उजेड किती पडतो? 0.25 लक्स, म्हणजे पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तिथं काहीतरी आहे एवढं कळेल, कुत्रं की वासरू की बिबट्या ते नाही कळणार. निम्म्या अंतरावर उजेड चौपट होतो, म्हणून छापलेल्याच्या निम्मं आपलं धरायचं. तुमचा दोन एकर ऊस. एक एकर चौकोनी धरला तर बाजू 63-64 मीटर पडते. खोक्यावर 250-300 मीटर असलेली बॅटरी बांधावरनं तुमचं अख्खं रान बघते. दोन किलोमीटर घेऊन काय शेजारच्या गावातलं भांडण बघायचंय?

दुसरीत शिशाची बॅटरी होती, स्कूटरच्या बॅटरीची लहान बहीण. ती रिकामी ठेवली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट चढतं आणि तीन-चार महिन्यांत दगड होते. आईंचा दोष नाही, खोक्यावर हे मराठीत कोणी लिहीत नाही. महिन्यातनं एकदा चार्ज केली असती तर अजून जिवंत असती. ती फेकू नका! आतली 4 किंवा 6 व्होल्टची बॅटरी सुटी मिळते, पाच मिनिटांत बदलून होते. मोटरीच्या खोलीत खुंटीला टांगा.

तिसरी पाण्यानं नाही, चार्जिंगच्या भोकानं मेली. त्या भोकावर रबराची जीभ असते. दोन महिने रोज उघडली की ती ढिली पडते, मग चिखलाचं पाणी सरळ आत. खोक्यावर आयपीएक्स4 असेल तर फक्त शिंतोडे सोसते. आयपी67 म्हणजे धूळबंद आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास. पाटाला तेवढं पुरतं. पण हा आकडा रबर जागेवर असेपर्यंतच खरा. म्हणून माझं मत असं की सेल बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर लावता येईल अशीच घ्या. बॅटरीला भोकच नाही, तर पाणी शिरेल कुठनं? झाकणाच्या आट्यांवरची रबरी रिंग महिन्यातनं एकदा फडक्यानं पुसा. खोबरेल, गोडंतेल लावू नका. माती चिकटते आणि रबर फुगतं.

बटणाचं सगळ्यात महत्त्वाचं. एक दाबलं की लागली, दाबलं की विझली, झालंच तर मोठा-बारीक. लुकलुकणारी शेतकऱ्याला कशाला पाहिजे?

आणि एक गोष्ट दुकानात रोज बघतो म्हणून सांगतो. धातूची बॅटरी दातात धरून स्टार्टर उघडणारे महाभाग आहेत. ओले पाय, ओले हात आणि तोंडात अॅल्युमिनियम. स्टार्टरच्या पेटीजवळ प्लॅस्टिक किंवा रबराच्या अंगाचीच वापरा, तीसुद्धा खुंटीला अडकवून. डीपीवर (ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर) फ्यूज टाकायला तर कुठल्याच बॅटरीच्या उजेडात जाऊ नका.

---

रात्रपाळी_सिस्टर

मी ग्रामीण रुग्णालयात आहे, रात्रीची ड्यूटी बरीच असते. बॅटरीतलं मला काही कळत नाही, पण रात्री शेतात साप चावलेले पेशंट जूनपासून दिवाळीपर्यंत आमच्याकडे येत राहतात आणि त्यांना मी एक प्रश्न हटकून विचारते, "बॅटरी होती का?" बहुतेकांकडे असते. झोत लांब मारलेला असतो, डुक्कर, बिबट्या, पाणी कुठवर आलं ते बघायला. पाय अंधारात.

दादा, तुमच्या आण्णांच्या उसात पाचट, वाळलेला पाला, असणार. घोणस पाचटाच्याच रंगाची असते आणि सरकत नाही, वेटोळं करून बसते. कुकरची शिट्टी सुटावी तशी फुसफुसते, पण मोटरीच्या आवाजात ऐकू कुठं येणार? मण्यार रात्रीचीच हिंडते, आणि तिचा चावा इतका बारीक की लोक काटा लागला म्हणून झोपतात.

म्हणून पायासाठी दिवा वेगळाच पाहिजे. डोक्याला लावायचा मिळतो, पण मी तो घेऊ नका म्हणेन. माझे मिस्टर वापरायचे. एक तर सगळे किडे तोंडावर येतात. दुसरं त्यांनीच लक्षात आणून दिलं. डोक्यावरचा उजेड डोळ्याच्याच रेषेतनं पडतो, त्यामुळे ढेकूळ, खड्डा, दोरी, साप, सगळं सपाट दिसतं, सावलीच दिसत नाही. तोच दिवा कमरेला पट्ट्यावर अडकवला की उजेड तिरका पडतो, प्रत्येक वस्तूची लांब सावली पडते आणि नजर आपोआप तिथं जाते. घरी अंगणात दोरी टाकून करून बघा, लगेच पटेल. पिवळसर उजेडाचा घ्या. पाचटातला तपकिरी रंग त्यात वेगळा उठून दिसतो, किडेही कमी येतात. आण्णांच्या डोळ्यांनाही तोच सोसेल.

गमबूट घालतात का ते? नसतील घालत तर बॅटरीआधी ते घ्या. आणि चावलाच तर दोरी बांधणं, ब्लेडनं कापणं, मांत्रिक, यातलं काही नको. पाय हलवायचा नाही, 108 ला फोन आणि सरळ दवाखाना. सापाला मारून पिशवीत आणायचीही गरज नसते. लोक आणतात, आणि कधी कधी तो पिशवीत जिवंत असतो.

---

जागल्या (राळेगाव, यवतमाळ)

पाटकरी भाऊ, आमच्याइकडे पाणी धरण्यापेक्षा जागलीचं काम जास्त. तूर, चना, आता मका. डुकरं आणि रोही (नीलगाई). माळ्यावर बसून रात्र काढाव लागते, हिवाळ्यात तं हाडं वाजतात.

माह्या अनुभव सांगतो. झोत सतत लावून ठेवला तं डुकरं दोन रात्रीत शिकतात, उजेडाच्या कडेकडेनं खातात. अंधारात बसाव, कान लावाव, कडकड ऐकू आली का एकदम मोठा झोत आणि आरोळी. यासाठी मले खोल आरशाचीच पाहिजे, एक बटण, एक उजेड. माझी सहा वर्षांची आहे, दोनदा माळ्यावरून पडली, काच फुटली तं मी चहाच्या बरणीच्या झाकणाचं प्लॅस्टिक कापून बसवलं.

डोळे वाचायले शिका. गाय, कुत्रं, बिबट, सगळ्यायचे चमकतात. दवात तं कोळ्याचे बी चमकतात, नवा माणूस घाबरून जाते. जमिनीपासून किती उंच, दोन डोळ्यायमधी किती जागा, आणि हलतात कसे, हे पाहाव. गाय मान वर करून पाहत राहते. जे डोळे खाली दबले आणि एका जागी थांबले, तिथं जायचं काम नाही. उजेड ठेवाव, बोलत राहाव, पाठ न दाखवता मागं याव. खाली वाकाव नाही, बसाव नाही.

एक विनंती आहे. बॅटरीले पैसे नाही म्हणून कुंपणात लाईटचा तार सोडणारे आहेत आमच्याइकडे. त्यात डुक्कर कमी आणि माणूस जास्त मरते. बाकी काही करा, ते करू नका.

---

दिवसा_पाणी

मला हे सगळं वाचून एकच कळत नाही. अडीच हजाराची बॅटरी घेण्यापेक्षा सौर पंपाला अर्ज करा ना. दिवसा पाणी, रात्री झोप. मूळ रोग तोच आहे.

---

पाटकरी

@दिवसा_पाणी, रोग तोच, कबूल. गावाच्या फीडरला सौर वाहिनीवरनं दिवसा लाईट देणार म्हणून 2017 पासून ऐकतोय. काही गावांत आलीही आहे, आमच्याकडे येईल तेव्हा पेढे वाटीन. तोवर ऊस थांबत नाही.

@रिवायंडिंगवाला, तुमच्या हिशेबानं मी अजून एक बघितली, तिच्यावर "50 वॅट, 12 तास" लिहिलंय. म्हणजे 600 वॅट-तास. 55 सेल. वजन 400 ग्रॅम! दुकानात मोबाईलवर गुणाकार करायला लागलो तर पोरगं म्हणालं, "काका, घ्यायची का नाही तेवढं सांगा."

---

रिवायंडिंगवाला

@पाटकरी, आता दुकानदार तुम्हाला ओळखायला लागतील. @सिस्टर, सावलीचं बावीस वर्षांत मला सुचलं नव्हतं. काल रात्री विहिरीवर करून बघितलं. बरोबर आहे.

---

पाटकरी

दीड महिन्यानं लिहितोय. विचारून गप्प बसणाऱ्यांचा मलाच राग येतो.

एका बॅटरीत सगळं मिळत नाही, हे पटलं. हातातली घेतली 1,650 ला. जाड रबराचं अंग, आयपी67, सुटा सेल, 21700 मापाचा, म्हणजे 18650 चा थोरला भाऊ. सेलवर 5000 लिहिलंय. दुकानातल्याच काट्यावर ठेवायला लावला, 69 ग्रॅम भरला, म्हणजे पीठ नाही. अंतर 280 मीटर, आणि बटणाला दोनच उजेड. वेगळा चार्जर 450. कमरेचा पिवळसर दिवा 380. झाले 2,480. जुन्या हँडलवालीत नवी बॅटरी टाकून घेतली, ती मोटरीच्या खोलीत खुंटीला. गमबुटाचे पैसे वेगळे, ते सिस्टरांच्या धाकानं.

आण्णांनी कमरेचा दिवा पहिल्या दिवशीच नाकारला. "मी काय खाणीत उतरतोय का?" मग मी सिस्टरांचा प्रयोग केला. अंगणात दिवे मालवले, पाचट पसरलं आणि त्यात सोलाची दोरी टाकली. आधी मोबाईल त्यांच्या कपाळाला धरून उजेड पाडला. दोरी दिसेना. मग तोच कमरेशी धरला. आण्णा दोन पावलं मागे सरकले. काही बोलले नाहीत, पण त्या रात्री पट्टा बांधून गेले.

गेल्या आठवड्यात रात्रपाळीला मीही सुट्टी काढून बरोबर होतो. साडेबाराला लाईट गेली, पाट अर्ध्यावर. आम्ही बांधावर उभे, कमरेचा दिवा चालू, आण्णांच्या हातात घुंगरकाठी. पलीकडच्या सरीत काहीतरी हललं. आण्णांनी शांतपणे अंगठा दाबला, एकदाच. झोत सरळ शेवटच्या सरीपर्यंत गेला. शेजाऱ्यांची कालवड दावं तोडून आली होती, मान वर करून आमच्याकडेच बघत होती. @जागल्या, अगदी तुम्ही लिहिलं तसंच. वीस मिनिटं तिला हाकलण्यात गेली, ती निम्मा कांदा तुडवून गेली.

आता एकच अडचण राहिली आहे. कमरेचा दिवा आईनं पहाटेच्या धारेला उचललाय आणि परत देत नाही. दोन्ही हात मोकळे राहतात, आणि कासेवर उजेड तिरका पडतो म्हणे. आण्णांसाठी दुसरा आणायचाय, पण पहिल्याचा इलॅस्टिकचा पट्टा घामानं आत्ताच ढिला पडलाय. पट्टा सुटा मिळतो का कुठं?

---

रिवायंडिंगवाला

सुटा मिळत नाही. शाळेच्या दप्तराचा जुना बंद कापा, बकलासकट. पोरांची दप्तरं दरवर्षी फाटतात, बंद काही फाटत नाही.